चारशे तेरा नंबरची सही

आमचे शेजारी शिंपीमामा. कपडे वेळेवर शिवून देतील तर शपथ, पण मतदानाला सकाळी सगळ्यांच्या आधी हजर. यादीत ते चारशे बारा, मामी चारशे तेरा आणि मी चारशे चौदा. मामींना लिहायला मामांनीच शिकवलं होतं. टाका घालावा तसं एकेक अक्षर काढत त्या नावापुढे सही करायच्या. मागे मी चुळबुळ करायचो. मामा मात्र कौतुकाने बघत थांबायचे.

मामींना जाऊन सहा वर्षं झाली होती. यादीतून नाव काढायचा अर्ज मामांनी भरलाच नाही. "राहू दे की, ते काय खायला मागतंय?" म्हणायचे. मग दर निवडणुकीला घरी मतदानाच्या दोन चिठ्ठ्या येत आणि मामा दोन्ही शिलाई मशीनच्या खणात जपून ठेवत.

त्या वर्षी अंगात ताप होता म्हणून मामा दुपारी गेले. सहीला वाकले, तर खालच्या चौकटीत मामींच्या नावापुढे कुणीतरी सही ठोकलेली. एका झटक्यात ओढलेली रेघोटी.

"हरकत लिहून द्या," मामा संध्याकाळी दारात उभे.

"मामा, एका मताने निकालात काडीचा फरक पडायचा नाही. आणि नाव तुम्हीच काढलं नाहीत."

"निकाल गेला चुलीत. ती सही तिची नाही."

मी चरफडत लिहून दिलं आणि सोबतही गेलो. निवडणूक कचेरीतल्या बाई नीट बोलल्या. "हरकत घेते, काका. पण मृत्यूचा दाखला जोडा. म्हणजे त्यांचं नाव कमी होईल."

"नाव ठेवून नुसती सही नाही खोडता येणार?"

"नाही हो."

पिशवीतून काढलेला दाखला मामांच्या हातातून सुटेना. शेवटी त्यांनी तो टेबलावर ठेवला. "जागा तरी रिकामी ठेवाल?"

"नवी यादी छापली की खालची नावं वर सरकतात."

जिना उतरताना मामा म्हणाले, "माझ्या नावाखाली तिचं नाव बघायलाच जायचो मी. फार आठवण येते हो."

पुढच्या निवडणुकीला चारशे तेरा नंबर माझा होता. मामा सही करून बाजूला झाले, पण गेले नाहीत. मी पेन टेकवलं.

"सावकाश करा," मामा म्हणाले.

एरवी मीही रेघोटीच ओढतो. त्या दिवशी मी एकेक अक्षर काढत अख्खं नाव लिहिलं. मागचा माणूस चुळबुळ करत होता आणि मामा बघत उभे होते.