साडेपाच फुटांवरचा फणस

माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नात नवऱ्या मुलाच्या डोक्याला टेंगूळ आलं, ते मी कॉम्प्युटरवर काढलं होतं.

म्हणजे टेंगूळ नव्हे, डोकं ज्याच्यावर आपटलं ती वस्तू. पण आमच्या कुंभकोणमच्या नातेवाइकांत हा फरक कोणी करत नाही. आणि आता मीही करत नाही.

गोष्ट नव्वदीच्या मधल्या वर्षांतली. मी मद्रासला एका वास्तुविशारदाच्या कचेरीत नुकताच लागलो होतो. तिथे कॉम्प्युटरवर मुक्त आकार काढायला शिकलो. पडद्यावर रेघांची एक जाळी पसरायची आणि तिची गाठ माऊसनं धरून वर ओढायची. झाली टेकडी! खाली ओढायची, झाली दरी! ना पट्टी, ना गुण्या. मला वाटायला लागलं, देवानं डोंगर असेच केले असणार, फक्त त्याच्याकडे वीज जात नसेल.

अशातच सुभद्रेचं लग्न ठरलं. अप्पांनी पत्र टाकलं: लग्न घरीच करायचं, अंगणावर कायमचं छप्पर घालायचं, नकाशा तू काढ. चौकोनी छप्पर कोणीही काढील! मी सुट्टी घेतली, कचेरीतला जुना कॉम्प्युटर मागून घेतला, आईच्या जुन्या नऊवारीत गुंडाळून घरी आणला आणि जाहीर केलं, "छप्पर लाटेसारखं होणार."

"समुद्राची?" अप्पांनी विचारलं.

"हो."

"तो हिथून कोस किती लांब आहे, ठाऊक आहे की तुला?" (आमच्या घरची मराठी तीनशे वर्षांपूर्वी तंजावरला आली आणि तिथेच राहिली. तमिळ मिसळत गेलं, पण टोमणे मूळचेच.)

अप्पा नाही म्हणाले नाहीत. मुलगा शिकून आला होता ना! तेच त्यांचं चुकलं.

चार दिवसांत मी लाट काढली. पाचव्या दिवशी आयुधपूजा आली. त्या दिवशी आमच्याकडे विळी, कात्री, सायकल, अप्पांचं फाउंटनपेन, सगळ्यांना गंध-कुंकू लागतं. मी अंघोळीला गेलो तेवढ्यात आईनं कॉम्प्युटरलाही लावलं. पडद्याला लावलं, कळफलकाला लावलं, आणि माऊस सगळ्यांत लहान म्हणून त्याला मायेनं जरा जास्तच लावलं. वरून, खालून आणि पोटातल्या गोळीलाही.

त्यानंतर माऊस अडखळायला लागला. एक गाठ ओढताना बाण अडकला, मग एकदम उडाला. जाळी जरा हलल्यासारखी वाटली. मी वरून पाहिलं. सगळं ठीक! आता वरून पाहिल्यावर खड्डा काय आणि उंचवटा काय, सारखेच दिसतात, हे पहिल्या आठवड्यात शिकवलेलं. पण पहिला आठवडा मागे पडून बरेच महिने झाले होते, आणि मी आता देवाच्या बरोबरीचा होतो. मी प्रत्येक गाठीची उंची कागदावर स्वतःच्या हातानं उतरवली आणि कागद गोविंदस्वामी मेस्त्रींना दिला.

मेस्त्री जवळच्या तिरुनीलक्कुडी गावचे. आमच्या घरातली प्रत्येक भिंत त्यांच्या हातची. मला चालायला शिकवताना ज्या कट्ट्याला धरून उभं करत, तोही त्यांचाच. सुरूच्या काठ्यांचा आधार उभा करून त्यांनी लोखंडी सळ्या वाकवायला घेतल्या, आणि मग कागद घेऊन माझ्यापाशी आले. मला ते लहानपणापासून 'तम्बी', म्हणजे धाकटा भाऊ, म्हणत.

"तम्बी, सगळीकडे नऊ फूट, साडेनऊ, दहा. आणि मधोमध हिथं साडेपाच. आकडा चुकला का?"

कागद फक्त बघायचा होता. एवढंच करायचं होतं!

"मेस्त्री," मी म्हणालो, "हा मुक्त आकार आहे. कॉम्प्युटरनं काढलाय. तुम्हाला नाही कळायचं."

त्यांनी कागदाची घडी घातली. "सरि, तम्बी," म्हणाले आणि गेले. आणि त्यांनी माझा आकडा इंचभरही न चुकवता बांधला. सळ्या, त्यावर कोंबडीजाळी, वर-खाली सिमेंटचा गिलावा.

लग्नाला बारा दिवस उरले असताना खालचा आधार काढला. लाट सुंदरच होती. फक्त तिच्या मधोमध खाली एक फणस लोंबत होता.

"हे काय?" आई म्हणाली.

मला स्वतःलाही तोच प्रश्न पडला होता. पण शेजारपाजारचे जमले होते. "हाच तर रचनेचा केंद्रबिंदू," मी म्हणालो.

"मला अर्धा दिवस द्या," मेस्त्री हळूच म्हणाले. "तेवढा भाग कापून वर घेतो. कोणाला कळायचंसुद्धा नाही."

"हात लावायचा नाही!" मी म्हणालो.

पुढचे बारा दिवस आमच्या घरात सगळे वाकून चालले. पत्रिका द्यायला निघालेले काका आपटले. दूधवाला दोनदा आपटला. अप्पांनी शेवटी फणसाला झेंडूच्या माळा गुंडाळल्या, म्हणजे निदान दिसेल. लोकांना वाटलं काही विधी आहे. एका आजींनी जाता जाता नमस्कार केला!

लग्नाचा दिवस उजाडला. आमच्या लग्नांत तमिळ चाली कधीच्याच मुरल्यात. माळा घालायच्या वेळी दोन्हीकडचे मामा नवरानवरीला खांद्यावर उचलतात आणि एकमेकांना चकवत मागे-पुढे पळतात. नवरा मुलगा श्रीनिवास, उंचीला सहा फूट. त्याचा मामा पैलवान. सुभद्रेनं माळ उगारली, मामानं हसत झोकात मागे उडी घेतली, आणि...

आवाज नारळ फोडल्यासारखा आला. नादस्वरवाल्याला वाटलं मुहूर्त झाला. त्यानं जोरात वाजवायला घेतलं!

श्रीनिवास खाली उतरला तेव्हा माळ त्याच्या एका कानाला अडकली होती. सुभद्रा रडायला लागली. वरमाई वर बघून ओरडल्या, "हे कुणी केलं?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आणि मी म्हणालो, "मेस्त्रीनं आकडा चुकवला."

मेस्त्री दारातच उभे होते. नवी वेष्टी नेसून, बायकोला घेऊन, सुभद्रेसाठी नाचियार्कोविलची पितळी समई हातात धरून आले होते. त्यांनी ऐकलं. खिशात माझ्याच अक्षरातला कागद असणार, तो त्यांनी काढला नाही. समई उंबऱ्यापाशी ठेवली, अप्पांना हात जोडले आणि पानावर न बसता निघून गेले. आमच्या घरचं एकही कार्य त्यांनी असं सोडलं नव्हतं.

लग्न लागलं. दुपारी मी कॉम्प्युटर लावला आणि जाळी पहिल्यांदाच बाजूनं पाहिली. फणस तिथे होता. माऊस उघडला. आत वाळलेलं गंध. खरं सांगतो, मला क्षणभर आनंद झाला. दोष द्यायला माणूस सापडलं!

"आई, तू गंध लावलंस म्हणून झालं हे!"

"लावलें की," आई म्हणाली. "बघायचे डोळे कोणाचे होते?"

अप्पा एवढंच म्हणाले, "आजच जा त्यांच्याकडे."

मी उद्या जाणार होतो. मग पोंगल झाल्यावर. मग मद्रासला कामच निघालं. तिरुनीलक्कुडीच्या बसमध्ये बसायला मला अकरा महिने लागले.

मेस्त्रींनी बसायला चटई टाकली, ताक दिलं, सुभद्रेची चौकशी केली, जावयाचं डोकं विचारलं. मी पाठ करून आणलेलं बोललो. "चूक माझी होती. मला माहीत होतं, तरी तुमचं नाव घेतलं."

"मलाही माहीत होतं, तम्बी," ते म्हणाले. "मी अप्पांना सांगायला हवं होतं. पण तुम्ही म्हणालात, तुम्हाला कळायचं नाही. मग मला राग आला. मी मुद्दाम तसंच बांधलं. सुभद्रेचं लग्न आहे हे विसरलो." ताकाचा पेला ते हातात फिरवत राहिले. "मुलगी रडली ना?"

मी हो म्हणालो.

"येऊन तेवढं कापून द्या," मी म्हणालो.

"हात आता थरथरतो. दुसऱ्या कुणाला सांगा."

हात थरथरत नव्हता. ताक ओतताना मी पाहिला होता. ते परत आमच्या घरी आले नाहीत. अप्पा त्यांना भेटायला जात राहिले, सणाला, एकटेच. मला कधी 'चल' म्हणाले नाहीत. फणस दुसऱ्या गवंड्यानं फोडला, त्यात सगळ्या लाटेला तडे गेले, शेवटी सगळंच उतरवून पत्रे घातले. मेस्त्री गेल्याची तार मला मद्रासला एक दिवस उशिरा मिळाली.

मी आजही वास्तुविशारद आहे. त्यानंतर काढलेलं माझं प्रत्येक घर चौकोनी आहे. प्रत्येक छप्पर सपाट, आणि प्रत्येक नकाशा गवंड्याला तीनदा विचारून मगच पक्का केलेला. एका समारंभात माझी ओळख करून देताना वक्ते म्हणाले, "यांच्या कामात विलक्षण संयम आहे, मोहाला बळी न पडणारी एक तात्त्विक भूमिका आहे." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी उठून विनयानं हात जोडले, आणि सवयीनं जरा वाकूनच माइकपाशी गेलो!