उन्हासाठी सोडलेली जागा

भागवतांचा फोन आला तेव्हा मी हिंजवडीला ऑफिसात होते. "कुमुदताई गेल्या," ते म्हणाले. मग जरा थांबून, "त्यांची चूल गच्चीवरच आहे... वरण शिजलंय." भागवत आमच्या बिबवेवाडीच्या सोसायटीचे सेक्रेटरी. मरणाची बातमी देताना कुणी वरणाचं सांगतं का? पण ज्यांनी माझी कुमुदमावशी पाहिली, त्यांना यात काही वावगं वाटणार नाही.

कारखाने बंद पडण्याच्या त्या वर्षांत मावशीचे यजमान, म्हणजे आमचे काका, यांचाही बंद पडला आणि काका पाठोपाठ वारले. "घर विकून परभणीला ये," आई बहिणीला विनवत होती. मावशीचं उत्तर ठरलेलं: "घर विकणार नाही आणि कुणापुढे हात पसरणार नाही." तिने स्वारगेटला एका दुकानात नोकरी धरली, चालत जायची, चालत यायची. आणि कुणाकडून तरी जुनी सूर्यचूल आणली. आतून काळी, वर काच, झाकणाला आरसा अशी ती पेटी गच्चीवर ठेवून म्हणाली, "उन्हाला बिल येत नाही."

कम्प्युटर शिकायला मी तिच्याकडे राहायला आले, त्या पहिल्याच दुपारी तिने मला गच्चीवर नेलं आणि काच उचलली. धूर नाही, शिट्टी नाही, आणि डाळ लोण्यासारखी शिजलेली! मी तोंडात बोट घालून बघत राहिले. खरं सांगायचं तर ते आश्चर्य अजून ओसरलेलं नाही. तांदूळ धुतलेलं पाणी कुंड्यांना, भाजीची देठं कुंड्यांच्या मातीत, जुन्या साड्यांच्या पिशव्या घेऊन मार्केट यार्डात भाजी, तीही बाजार उठताना... एवढ्याशा मिळकतीत आम्ही दोघी कधी अर्धपोटी राहिलो नाही. पुढे आमच्या कंपनीत 'सस्टेनेबल लिव्हिंग'वर, म्हणजे पर्यावरणपूरक जीवनशैलीवर, मोठं भाषण झालं. मी घरी येऊन भारावून सांगितलं, तर मावशी म्हणाली, "याला काटकसर म्हणतात गं. इंग्रजी नाव दिलं की तुमच्याकडे चहा-बिस्किटं मिळतात."

चुलीची एकच अडचण होती. ऊन सरकलं की तिला फिरवावं लागे, आणि मावशी तर दुकानात. म्हणून तिने बिल्डिंगला नियम लावला: कपडे वाळत घालायला जो वर जाईल, त्याने चूल उन्हाकडे वळवायची. भागवत नवीन राहायला आले तेव्हा एका रणरणत्या दुपारी त्यांना पेटीची दया आली. त्यांनी ती उचलून टाकीच्या सावलीत ठेवली, वर ओलं फडकंही टाकलं. संध्याकाळी कच्च्या तांदळाचा डबा त्यांच्या दारात धरून मावशी म्हणाली, "उपकार झाले. आता एवढं शिजवूनही द्या." त्यांच्या बायकोने खरंच शिजवून दिलं.

मग गच्ची गळायला लागली. पत्र्याची शेड टाकायचं ठरलं. मीटिंगमध्ये मी मावशीकडेच बघत होते. तिचं ऊन जाणार होतं, म्हणजे गॅस आला, खर्च आला, आणि मागोमाग परभणीचा विषय आला. ती उठली. पदर चाचपत, पहिल्यांदाच कुणापुढे मागणं मांडत म्हणाली, "अहो, पत्रे टाका. फक्त माझ्या चुलीपुरतं आभाळ सोडा."  भागवतच म्हणाले, "एक पत्रा कमी टाकू. तिथे गळलं तर माझ्याच डोक्यावर गळेल, मी खाली राहतो." आणि खरंच, आमच्या गच्चीवर तेवढी एक चौकट आजही उघडी आहे. पावसाळ्यात तिथे मावशी बादल्या मांडायची आणि त्या पाण्यावर धुणं उरकायची. गेली तेव्हाही ती याच घरात होती, कुणाचं काही घेणं न लागता. एवढ्याशा बाईने हे कसं निभावलं, याचं मला राहून राहून नवल वाटतं.

गेल्या रविवारी भागवतांनी जिन्यात गाठलं. "तेवढा पत्रा टाकून घ्यायचा का आता? लोक विचारतायत." मी हो म्हणाले. काय करायची होती आता ती चौकट? चूल खाली आणावी म्हणून वर गेले. भर दुपार होती. चूल बरोब्बर उन्हासमोर उभी होती. उघडली तर डबे रिकामे, पण हाताला चटका बसला.

भागवत धापा टाकत मागून आले. "सकाळी मी वळवली," ते ओशाळून म्हणाले. "नंतर दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी वळवली असेल. सवय आहे हो... हात जातो."

मी खाली जाऊन डाळ-तांदूळ धुतले, पाणी कुंड्यांना घातलं आणि डबे भरून वर आणले. भागवत तिथेच उभे होते. त्यांनी आरसा जरा तिरका केला.

"पत्र्याचं काय सांगू लोकांना?" त्यांनी विचारलं.

"तीनला जेवायला या म्हणावं," मी म्हणाले.