अनंताला चावी

घड्याळकाकांच्या गॅलरीत सकाळी सात वाजता जो कार्यक्रम चालायचा, तो समोरच्या इमारतीला तोंडपाठ झाला होता. काका बनियनवर बाहेर यायचे, चष्मा कपाळावर चढवायचे आणि पहिली कुंडी दोन्ही हातांनी धरून तिला पाव वळसा द्यायचे. मग दुसरी, मग तिसरी, अशा तेवीसच्या तेवीस. तेही डावीकडून उजवीकडेच. उलटी फिरवली की स्प्रिंग तुटते, हे चाळीस वर्षांत त्यांच्या बोटांत मुरलं होतं. कुंडीत स्प्रिंग नसते हे बोटांना समजावणार कोण?

जिन्याखाली त्यांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं. आत एकच माणूस मावायचा आणि तो माणूस म्हणजे काका. गिऱ्हाईक फुटपाथवर उभं राहायचं. डोळ्याला भिंग लावलं की काकांच्या लेखी बाकीचं जग बंद. चावीची घड्याळं गेली, सेलची आली, तरी त्यांचा तोरा कमी झाला नाही. कुणाकडे पाहुणे म्हणून गेले तर आधी भिंतीवरचं घड्याळ सरळ करायचे, मग खुर्चीत टेकायचे. लंबक तिरका राहिला तर घड्याळ लंगडतं, असं यजमानाला ऐकवायचे ते वेगळंच. बायकोला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

तिचा सगळा जीव कुंड्यांत. कुंड्या म्हणायच्या आपल्या! रंगाचे रिकामे डबे, गळकी बादली, बुडाला भोक पडलेला कुकर. पण त्यांत गुलाब, जास्वंद, सदाफुली, जुई अशी काही फुलायची की बघत राहावं. "तुमची वेळ नि माझी वेल," ती म्हणायची, "फरक कितीसा? एका अक्षराचा." संध्याकाळी काका दुकान बंद करून आले की चहाबरोबर दिवसभराची खबर मिळायची. आज जास्वंदीला कीड लागली, आज जुईला पहिली कळी आली. काका म्हणायचे, "हं." कीड लागली तरी हं, कळी आली तरी हं. त्या एका अक्षरावर काकांनी अख्खा संसार रेटला, आणि आता ते आठवलं की त्यांना स्वतःचीच लाज वाटायची.

दोन वर्षांपूर्वी ती गेली. चार दिवस ताप काय आला, आणि संपलंच. काकांनी दुकानाला कुलूप घातलं ते घातलंच. गॅलरीत येऊन बघतात तर सगळी झाडं उजेडासाठी कठड्याकडे कललेली. ओळीनं तेवीस वाकडी घड्याळं! काकांना ते बघवेना. तेव्हापासून रोज सकाळी पाव वळसा सुरू झाला, आणि याला ते 'चावी देणं' म्हणू लागले.

गंमत म्हणजे झाडांना ते मानवलं. गुलाब चहूबाजूंनी भरला, जास्वंद ताठ झाली. काका मनातून खूश होते. रुसला होता एकटा अनंत.

अनंताची कुंडी कोपऱ्यात असायची. बायकोनं माहेरच्या अंगणातली फांदी आणून लावलेली. पुढे ते अंगण विकलं गेलं, मूळ झाड तोडलं गेलं, आणि माहेर म्हणावं असं एवढंच उरलं. दर मोसमात पांढरीशुभ्र फुलं यायची आणि सगळं घर वासानं भरून जायचं. ती असताना या कुंडीला हात लावायची काकांना बंदी होती. "त्याला हात लावू नका," एवढंच ती म्हणायची. आपले हात तेलकट म्हणून ही असं म्हणते, असा काकांनी समज करून घेतला आणि तो मनाला लावून घेतला. ती गेल्यावर पहिल्याच मोसमात अनंताला कळ्या आल्या, टपोऱ्या झाल्या आणि एकेक करून गळून पडल्या. काकांना त्या टाकवेनात. घड्याळाचे बारीक स्क्रू ठेवायच्या थाळीत त्यांनी त्या ठेवल्या. यंदा पुन्हा कळ्या धरल्या, आणि पुन्हा गळायला लागल्या.

तशात एका रविवारी सकाळी सातलाच मेहुणी दारात हजर. बायकोची धाकटी बहीण. सगळा जन्म नर्स म्हणून काढलेला, त्यामुळे कुणाच्याही घरात शिरली की तो आपलाच वॉर्ड आहे असं समजून चालायची. तिनं थाळीतल्या वाळक्या कळ्या पाहिल्या. मग गॅलरीत आली तर काका अनंताला कवेत घेऊन फिरवताहेत.

"भाऊजी, हे काय चाललंय?"

"चावी देतोय."

"कुणाला?"

"सगळ्यांनाच देतो रोज. एका बाजूनं वाढतात नाहीतर."

मेहुणीनं कपाळाला हात लावला. "अहो, बाकीच्यांना द्या हवी तेवढी! अनंतानं कळ्या धरल्या की त्याला जागचं हलवायचं नसतं. उजेडाची बाजू बदलली की कळ्या टाकतो तो. आमच्या आईनं लहानपणी एकदा धपाटा घातला होता मला याच्यावरून. आणि तुम्ही त्याला रोज गरागरा फिरवताय?"

काकांनी कुंडीवरचे हात काढून घेतले. म्हणजे या सगळ्या कळ्या आपण आपल्या हातांनी पाडल्या. तेही इतक्या काळजीनं, इतक्या नेमानं!

"ताईची हीच एक आठवण उरलीय माझ्यासाठी," मेहुणीचा आवाज जरा खाली आला. "ती अशी मरताना नाही बघवणार मला. किती कळ्या राहिल्यात? चार ना? एक जरी उमलली तर राहू दे तुमच्याकडे. नाहीतर तीन आठवड्यांनी मी टेम्पो घेऊन येते आणि झाड घेऊन जाते."

काकांनी मान हलवली. नाही म्हणायला तोंड होतं कुठे?

मेहुणी गेल्यावर प्रश्न पडला, की कुंडी ठेवायची कशी? फिरवून फिरवून मूळची बाजू कोणती, तेच कळेना. काका गुडघ्यांवर बसले, फडकं घेऊन कुंडीच्या काठावरची माती पुसू लागले. पुसता पुसता एक लाल ठिपका दिसला. नखाला लावायच्या रंगाचा. बायकोला नखं रंगवताना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी शेजारची भिंत पुसली. तिथेही तसाच ठिपका, कुंडीच्या काठाच्याच उंचीवर.

काकांना क्षणात उलगडलं. घड्याळ खोलण्याआधी ते स्वतः असंच करायचे. दोन भागांवर समोरासमोर खुणा करायच्या, म्हणजे परत जोडताना तसूभरही चुकत नाही. कधीतरी चहा पिता पिता त्यांनीच तिला हे सांगितलं असणार. तिनं ते नीट ऐकलं होतं, लक्षात ठेवलं होतं, आणि फरशी धुताना कुंडी सरकवावी लागली तर परत जागेवर यावी म्हणून वापरलंही होतं. काकांनी ठिपक्याला ठिपका जुळवला आणि तिथेच बसून ढसाढसा रडले. ती गेली त्या दिवशीही ते इतके रडले नव्हते.

पुढचे तीन आठवडे भारी कठीण गेले. सात वाजले की हात शिवशिवायचे. बावीस कुंड्यांना चावी देऊन झाली की काका हाताची घडी घालून अनंतापुढे उभे राहायचे. पहिल्या आठवड्यात एक कळी गळली, दुसऱ्यात आणखी दोन. चौथी पानांआड कठड्याच्या बाहेरच्या बाजूला होती. ती बघायला काकांना कठड्यावरून इतकं वाकावं लागायचं की समोरच्या इमारतीतून एकदा कुणीतरी ओरडलं, "काका, जपून!"

ठरल्या दिवशी मेहुणी आली. खाली टेम्पो उभा. तिला दारातून नुसती हिरवी पानं दिसली. तिनं पदर खोचला आणि कुंडीला हात घातला.

"हलवू नकोस!" काका असे ओरडले की ती दचकून मागे सरली. "इकडे ये. अशी वाक. आणखी थोडी."

दोघंही कठड्यावरून ओणवी झाली. बाहेरच्या बाजूला, उजेडाकडे तोंड करून, एकुलतं एक फूल पूर्ण उमललं होतं. मेहुणीनं डोळे मिटून वास घेतला. "ताई," एवढंच म्हणाली. मग खाली बघून टेम्पोवाल्याला हातानंच 'जा' म्हणून सांगितलं.

आत येऊन दोघं चहाला बसली.

"तिनं मला कधी कारणच सांगितलं नाही गं," काका म्हणाले. "हात लावू नका, एवढंच म्हणायची."

"तुम्ही कधी विचारलंत?"

काका 'हं' म्हणणार होते. त्यांनी ते गिळलं.

"नाही," ते म्हणाले. मग उठून टेबलावरची वही-पेन्सिल घेऊन आले आणि मेहुणीसमोर बसले. "जुईचं काय काय असतं, ते सांग. सावकाश सांग, मी ऐकतोय."