फुलांचा फ

त्या वर्षी काळाचौकीतल्या आमच्या बालवाडीत ऑक्टोबरसाठी छापील कागद आले. विषय शरद ऋतू. प्रत्येक कागदावर नारिंगी रंगाचं, पाच बोटांचं एक पान, आणि पानाच्या आत गिरवायचं अक्षर. "बाई, हा पंजा कुणाचा?" एकाने विचारलं. तसलं पान मीही कधी हातात धरलं नव्हतं.

आमचा शरद चाळीमागच्या अंगणात होता. सकाळी आठला मुलं यायची तेव्हा पारिजातकाखालची फरशी पांढरी झालेली असायची. गॅलरीत वाळत घातलेल्या साड्यांमधून ऊन झिरपत खाली यायचं, आणि फुलांच्या त्या वासात मला उभ्या उभ्या पेंग यायची. मी कागद कपाटावर ठेवले आणि मुलांना म्हटलं, "चला, फुलं वेचूया."

वर्गात परत येऊन मी फरशीवर खडूने मोठी अक्षरं काढली. ज्याने त्याने आपल्या अक्षरावर फुलं मांडायची. बोलायचं नाही असं मी सांगितलं नव्हतं, तरी सगळी गप्प झाली.

एक मुलगी तर जूनपासूनच गप्प होती. गावाहून नुकतीच आलेली, चार वर्षांची. पहिल्या दिवशी तिने विचारलं होतं, "बाई, माझां दप्तर खंय ठेवू?" त्या 'खंय'ला सगळा वर्ग हसला. खरं सांगायचं तर मीही हसले. माझे वडील घरात तशीच मालवणी बोलायचे, म्हणून मला ते गोड वाटलं होतं. पण तिला माझ्या हसण्यातला फरक कसा कळावा? त्यानंतर तिने वर्गात तोंड उघडलं नाही. तिची आई म्हणायची, "घरी नुसती बडबड असते हो हिची."

त्या दिवशी तिच्या वाट्याला 'फ' आला होता. ती एकेक फूल ठेवत होती, सगळे देठ एकाच बाजूला वळवून. मी किती वेळ तिच्या बोटांकडे बघत राहिले, आठवत नाही.

तेवढ्यात मदतनीस मावशी आत आल्या. "काय उकडतंय गं बाई!" म्हणत त्यांनी पंखा लावला.

फुलं भुरभुरली. कुणाचा क गेला, कुणाचा म. एकच आरडाओरडा झाला, आणि त्यातून एक खणखणीत आवाज आला.

"बाई! माझो फ उडालो!"

कुणी हसलं नाही. जो तो आपलं अक्षर पकडायला धावत होता. वडील गेल्यापासून मी ती भाषा बोलले नव्हते, पण तोंडातून आलं, "उडांदे गो. आपण दुसरो करूया."

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग फ्रॉकच्या घेरात फुलं गोळा करून माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "बाई, तुमी खंयच्या?"

मी वडिलांच्या गावाचं नाव सांगितलं. तिला ते माहीत नव्हतं. मग तिनेच मला तिच्या गावचं सांगितलं: विहीर, म्हैस, आजोबांची काठी. दुपारी आई घ्यायला आली तरी ते संपलं नव्हतं. आई दारातच पायरीवर बसली आणि ऐकत राहिली.