थोरली डिस्क, धाकटी डिस्क

चहा येतोय तोवर सांगून टाकतो. आता काय सांगू आणि कुठून सांगू, इथंच माझं घोडं अडतं. तुम्ही हसाल, हसा बापडे. पण मी हसत हसत सांगेन अशी अपेक्षा ठेवू नका. हा किस्सा मी आजवर तिघांनाच सांगितलाय, आणि ऐकून झाल्यावर तिघांनीही माझ्या खांद्यावर हात ठेवला.

मी चाकूरला एका शाळेत गणित शिकवतो. पण गावात मला गणितासाठी कोणी ओळखत नाही, कॉम्प्युटरवाले सर म्हणून ओळखतात. कुणाचा कॉम्प्युटर अडला की तो माझ्या घरी येतो. मी पैसे घेत नाही. रविवारी जेवण झालं की स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसतो. इतक्या वर्षांत एकही माणूस माझ्याकडे तक्रार घेऊन आलेला नाही.

आमच्यापासून दोन घरं सोडून रामराव काका राहतात. काकू गेल्यापासून एकटेच. त्यांची मुलगी विद्या नांदेडला दिलेली. ती तिथं कॉलेजात शिकवते आणि पीएचडी करते. चार वर्षं ती खेडोपाडी म्हाताऱ्या बायकांकडे जाऊन जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड करत होती. कधी चाकूरच्या आसपास, कधी औशाकडे, एकदा तर थेट इस्लापूरला. त्यातल्या चार बाया आता नाहीत. त्यांचा आवाज तेवढा उरलाय, आणि तो विद्याच्या माहेरच्या कॉम्प्युटरमध्ये होता. प्रबंध महिन्याभरात द्यायचा होता. हे सगळं मला माहीत होतं. माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

विद्या दोन दिवस माहेरी आली होती. दारात भेटली, तेव्हा मी सहज विचारलं.

"कॉम्प्युटर बरा चालतोय ना गं?"

"चालतो सर, पण सुरू व्हायला पाऊण तास लावतो."

"दे मग माझ्याकडं. नवी डिस्क आणून तिच्यावर विंडोज टाकतो. जुनी तशीच आत राहील."

विद्या जरा वेळ बापाकडे बघत राहिली. काकांनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी सीपीयू माझ्या घरी आला. देताना विद्या म्हणाली, "सर, ह्याच्यात बायांच्या ओव्या हायत. जरा जपून." आणि नांदेडला गेली.

मी लातूरहून नवी डिस्क आणली. जुनी होती तेवढ्याच मापाची. रविवारी दुपारी दोन्ही जोडल्या. शहाणा माणूस असता तर त्यानं आधी जुनीची वायर काढून ठेवली असती. मला ते सुचलं नाही. विंडोज टाकायला घेतलं तर पडद्यावर दोन डिस्का आल्या. एक शून्य नंबरची, दुसरी एक नंबरची. माप तंतोतंत सारखं. आता यातली नवी कोणती?

मी विचार केला. अगदी शांतपणे केला, म्हणून तर जास्त वाईट वाटतं. आपल्याकडे थोरल्याचं नाव आधी असतं. लग्नपत्रिकेत थोरले चुलते आधी, सातबाऱ्यावर थोरला भाऊ आधी, पंगतीतही थोरल्यांचं पान आधी. म्हणजे घरात आधी आलेली डिस्क ती शून्य नंबर, आणि काल लातूरहून आलेली ती एक. धाकटीवर विंडोज टाकायचं, थोरलीला हात लावायचा नाही. कॉम्प्युटर बनवणारी माणसं आपल्या पत्रिका वाचत नाहीत, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. नंबर कुठल्या खाचेत कुठली वायर बसवलीय त्यावर पडतो, आणि वायरी मीच बसवल्या होत्या.

एक नंबरच्या डिस्कवर तीन कप्पे दिसत होते. कोऱ्या डिस्कला कप्पे कशाला असतील, असा प्रश्न पडायला हवा होता. मी म्हटलं, नवं कपाट कप्प्यांसकटच येतं.

मी पुढे गेलो. कॉम्प्युटर म्हणाला, या डिस्कवर विंडोज टाकता येत नाही. मी बंद करून पुन्हा चालू केला. पुन्हा तेच. पेनड्राइव्ह बदलून बघितला. पुन्हा तेच. तीन वेळा त्या मशीननं मला नाही म्हणून सांगितलं. माणसानं तीनदा नाही म्हटलं असतं तर मी थांबलो असतो. पण मशीनपुढे हार मानायची म्हणजे कॉम्प्युटरवाल्या सरांची लाज गेली. बायको आतून म्हणाली, "न्हाई होत तर ऱ्हाऊ द्या की. लातूरला दाखवतील ते."

"लातूरला काय वेगळे हात असतात का?" मी म्हणालो.

मग मोबाइलवर एक व्हिडिओ सापडला. त्यातल्या माणसानं सांगितलं, डिस्क निवडा, आधी सगळं पुसून टाका, मग नव्यानं आखणी करा, काम होईल. मी धाकटी समजून एक नंबर निवडला आणि पुसलं. चार सेकंद लागले. चार वर्षं विद्या गावोगाव फिरत होती, आणि मला चार सेकंद पुरले. त्यानंतर विंडोज असं सुरळीत बसलं की मी बायकोला हाक मारून दाखवलं.

तिनं विचारलं, "ओव्या कुठं हायत?"

मी दुसरी डिस्क उघडायला गेलो. ती कोरी करकरीत होती. आदल्या दिवशीच लातूरहून आलेली, तिच्यात काय असणार?

त्या रात्री मी जेवलो नाही. सोमवारी रजा टाकून पुसलेल्या फाइली परत आणायचे सगळे उपाय केले. आवाजाचे काही तुकडे मिळाले, पण त्यात नुसती खरखर होती. ज्या म्हाताऱ्या बाईचा आवाज तिच्या पोरांकडेसुद्धा नाही, तो मी पुसला. मला रडू आलं, सांगायला लाजत नाही.

बायको म्हणाली, "फोनवर सांगू नका. असली गोष्ट समोर बसून सांगावी."

बरोबरच होतं तिचं. आपल्याकडे वाईट बातमी फोनवर सांगत नाहीत. मंगळवारी सकाळी मी विद्याला फोन लावला.

"विद्या, घरीच हायस ना आज? मी नांदेडला येऊन राहिलो."

"हाव सर. काय झालं?"

"आल्यावर सांगतो."

"सर, काय झालं सांगा ना."

"फोनवर सांगण्यासारखं न्हाई. मिस्टरांना घरी थांबायला सांग. मन घट्ट कर."

आणि फोन ठेवला. आता तुम्हीच सांगा, माहेरचा शेजारी सकाळी सकाळी फोन करून असं बोलला, तर लेकीनं काय समजायचं? पण माझ्या डोक्यात फक्त डिस्क होती.

स्टँडवर जाताना रस्त्यात रामराव काका भेटले. नांदेडला निघालोय म्हटल्यावर का ते न विचारता त्यांनी तुरीच्या शेंगांची पिशवी हातात दिली. "विद्याला द्या," म्हणाले, आणि शेताकडे गेले. शेतात जाताना ते मोबाइल घरीच चार्जिंगला लावून जातात. तेव्हा विद्या त्यांना फोनवर फोन लावत होती आणि फोन रिकाम्या घरात वाजत होता. हे मला नंतर कळलं.

अहमदपूर गेलं, लोहा गेलं. खिडकीशी बसून मी वाक्यं जुळवत होतो. ऊन लागत होतं म्हणून डोक्याला पांढरा रुमाल बांधला होता. अंगातला सदराही पांढरा, कारण तेवढाच इस्त्रीचा होता.

विद्याच्या घरासमोर पोचलो तर दारात पंधरावीस चपला. बाहेर एक जीप उभी. आतून बायकांच्या रडण्याचा आवाज. मला वाटलं, अरे देवा, यांच्याच घरात काहीतरी झालं, आणि आपण आपलं रडगाणं घेऊन आज कुठं आलो. मी गुपचूप आत गेलो, हात जोडले आणि सतरंजीवर पुरुषांमध्ये खाली मान घालून बसलो. कुणीतरी पाणी आणलं. अशा घरात पाणी कसं घ्यायचं, म्हणून मी मानेनंच नको म्हटलं. मी पाणी नाकारलं तशी आतली रड वाढली.

विद्याचे सासरे, अण्णा, समोर बसले होते. ते म्हणाले, "मास्तर, काय ते सांगून टाका आता. सुनबाईनं सकाळधरनं पाण्याचा घोट घेतला न्हाई."

म्हणजे हे सगळे माझीच वाट बघत होते तर. ओव्यांसाठी एवढी माणसं जमली, हे बघून मला आणखीच अपराधी वाटलं. जुळवलेली वाक्यं सगळी विसरलो.

"अण्णा," मी म्हणालो, "माझ्या हातून झालं."

अण्णा उठून उभे राहिले. "तुमच्या हातून?"

"मुद्दाम न्हाई केलं. रविवारी दुपारी. चार सेकंदांत सगळं संपलं."

विद्याच्या नवऱ्यानं उठून दाराला कडी लावली. एक दांडगा माणूस माझ्यामागे येऊन उभा राहिला. आतून विद्या धावत आली, डोळे सुजलेले. "सर, माझ्या बाबांना काय केलं तुम्ही?"

"काकांना?" मला काहीच उमगेना. "काकांना काय धाड भरलीय? सकाळीच भेटले. ह्या शेंगा दिल्यात तुला."

मी पिशवी पुढे केली. विद्यानं ती हातात घेतली, उघडून बघितली आणि मटकन खाली बसली. आता ती वेगळंच रडत होती. सगळ्यांना समजायला थोडा वेळ लागला. अण्णांनी दांडग्या माणसाला हातानंच मागे सरकवलं आणि आत बघून म्हणाले, "चहा टाका."

चाकूरला जायला बोलावलेल्या जीपवाल्याला परत पाठवलं. मग मी सगळं सांगितलं. थोरली, धाकटी, तीन वेळा आलेला नकार, व्हिडिओ, सगळं. त्या चार बायांचंही सांगितलं. मी म्हणालो, "विद्या, काय शिक्षा देशील ती दे."

विद्यानं डोळे पुसले. "सर, तुम्ही ह्याच्यासाठी आलात?"

"मग कशासाठी?"

"ओव्या हायत की. माझ्या लॅपटॉपमधी हायत, गाइड मॅडमकडं हायत. कॉम्प्युटर तुमच्याकडं द्यायच्या आदल्या दिवशीच बसून सगळं काढून घेतलं मी."

मी हात जोडले. खरं सांगतो, इतका आनंद मला माझ्या नोकरीची ऑर्डर आली तेव्हाही झाला नव्हता. पोरगी किती हुशार, असंच मी सगळ्यांना सांगत होतो. तेवढ्यात तिचा फोन वाजला. काका शेतातून परत आले होते, तिचे एवढे फोन बघून घाबरले होते. तिनं सगळ्यांना बाबांचा आवाज ऐकू यावा म्हणून स्पीकर लावला आणि दोन वाक्यांत काय झालं ते सांगितलं.

काका म्हणाले, "पुसलं ना? मी म्हणलो नव्हतो का तुला, आधी सगळं काढून घे म्हणून? अगं, अख्खं चाकूर तसंच करतंय. आधी काढून घ्यायचं, मग सरांकडं द्यायचं, आन् वापस आला की लातूरला न्यायचा."

"बाबा," विद्या हळूच म्हणाली, "सर हितंच बसलेत."

खोलीतली माणसं सतरंजीकडे बघू लागली. शेवटी मीच विचारलं, "काका, मग माझ्याकडं देता तरी कशाला?"

"आता काय सांगावं सर," काका म्हणाले. "रस्त्यात अडवून इचारता हो तुम्ही, काही बिघडलंय का म्हणून. माणसानं न्हाई तरी कितींदा म्हणावं?"