नव्या औषधाचा पहिला मान

धानोऱ्याच्या पुढं आमचं गाव आणि गावाच्या टोकाला इतवारीचं घर. नवरा लालसू वारल्यापासून त्या घरात ती आणि तिची मुलगी रंजीता, दोघीच. रंजीता विशीची, डाउन सिंड्रोम घेऊन जन्मलेली. बोलणं थोडं, हसणं पुष्कळ. आमचं गाव स्वतःला मोठं मायाळू म्हणवतं, पण त्या अंगणात घडीभर टेकायला कुणी जात नसे.

इतवारीला एकच घोर होता: आपल्यामागं या पोरीला कोण रांधून घालणार? म्हणून ती तिला भात शिकवायची. आधी पाणी की आधी तांदूळ, इथंच रोज गाडी अडायची.

अशात नागपूरहून डॉक्टर दीपाली आल्या. अशा मुलांना शिकणं सोपं जावं म्हणून एका औषधाचा अभ्यास चालला होता. त्यांनी रंजीतापुढं चित्रं मांडली. आधी काय, मग काय, ते लावायचं. रंजीतानं सगळी चित्रं उचलून छातीशी धरली. डॉक्टर हसल्या, चहा प्यायल्या आणि गोळ्यांची डबी देऊन म्हणाल्या, "औषध अगदी नवं आहे, अजून बाजारातही नाही. गुण येईलच असं नाही. पण उद्यापासून रोज एक द्या."

इतवारीनं मान डोलावली. पण आमच्याकडं नवं ते आधी पूर्वजांचं. साधा आंबासुद्धा भूमिया, म्हणजे गावचा पुजारी, सणाचा दिवस धरत नाही तोवर कुणी तोंडाला लावत नाही. मग बाजारातही न आलेलं औषध पोरीला कसं द्यायचं? तिनं डबी घराच्या कोपऱ्यात, पूर्वजांच्या पूजेच्या जागी ठेवली आणि आंब्याच्या सणाची वाट बघत बसली.

महिन्यानं डॉक्टर आल्या तर डबी जशीच्या तशी.

"इतवारीबाई, एकही दिली नाही?"

"सण नाई झाला ना, बाई. झाला का देतो."

दीपाली रागावल्या नाहीत, उलट त्यांचेच डोळे भरून आले. पण नियम तो नियम. रंजीताचं नाव अभ्यासातून गळलं. कुणावर चिडावं तेच मला कळेना. इतवारी मात्र पुढं कितीतरी दिवस दाराशी बसून रस्त्याकडं बघायची. तिच्या घरी चहा पिणारं दुसरं माणूस आलंच नव्हतं.

सणाच्या दिवशी इतवारी तापानं पडून होती. गावपूजा आटोपून मी आंबे घेऊन गेलो. आंबा दिसला की रंजीता कुणाची नसते, म्हटलं आता झडप घालणार. तिनं एक आंबा उचलला, धुतला, कोपऱ्यात पूर्वजांपुढं ठेवला. हात जोडून थांबली. मग दुसरा विळीवर चिरून अर्धा आईच्या हातावर ठेवला. आधी काय, मग काय, सगळं बरोबर लागलं होतं. बघायला डॉक्टर नव्हत्या.

इतवारी उठून बसली. "मी मेल्यावर मले बी असाच आंबा ठेवशीन ना?"

"हो. पयले तुले."

इतवारी हसली आणि हसता हसता रडू लागली. "अन् तुले कोन देईन, माय?"

रंजीतानं जरा विचार केला आणि आपला अर्धा आंबाही आईच्या हातावर ठेवला.