तीन नंबरच्या खोलीतला तडा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आमच्या गटातल्या चौघांना नाही. पप्पांना तर नाहीच. मग तुम्हाला का सांगतेय? — तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

महिन्यातून एखादा तरी फोन येतो. तुमच्या शहरात राहायला खरंखुरं जुनं हॉटेल आहे का हो? पीओपीच्या कमानी आणि दारात फेटेवाला, तसलं नको. खरं जुनं. मी म्हणते, नाही. आणि फोन ठेवते. एक होतं — हे सांगत नाही.

शहरातल्या जुन्या इमारती वाचवायला धडपडणारा आमचा पाच जणांचा गट आहे; त्याची पत्रकं मी लिहिते. बजाजनगरात वाढले. पप्पा कंपनीच्या गेटवर वाटायची पत्रकं लिहायचे, मी शेजारी बसून वाचायचे. त्यांनी एकच शिकवलं: पत्रकात एक तरी ओळ अशी पाहिजे, की घेणाऱ्यानं कागद चुरगाळायच्या आधी थांबलं पाहिजे. ती ओळ मला लई लवकर जमायला लागली.

तर, जुन्या इमारतींसाठी झटणारी वीस माणसं पुण्याहून येणार होती, आणि त्यांना उतरवायची जागा शोधायचं काम माझ्याकडं आलं. चार दिवस वणवण फिरले. जिथं जाईन तिथं नवं बांधून जुनं रंगवलेलं. खोटेपणाची मला चीड येते — हसू नका — तेव्हाही यायची. पाचव्या दिवशी गुलमंडीमागच्या गल्लीत एक बोर्ड दिसला. नाव उडून गेलेलं, नुसतं ‘लॉजिंग’ उरलेलं. आत काळ्या दगडाच्या पायऱ्या, सागवानी खांब, खिडक्यांवर लाल-हिरव्या काचा. छताला दोरीचा पंखा टांगायच्या कड्यासुद्धा जागच्या जागी.

करीमचाचा चाळीस वर्षं भाड्यानं ते चालवत होते. राहायचेही तिथंच, जिन्याखालच्या खोलीत. मालकाची मुलं हैदराबादेत. त्यांना चाचा नको होते, जागा पाहिजे होती, पाडून नवं बांधायला.

चाचांची एक रीत होती. पाहुण्यांनी चपला-बूट जिन्यापाशी काढायचे. चाचा ते उचलून टोकं आतल्या बाजूला करून ठेवायचे. पाहुणा ज्या दिवशी निघणार, त्या सकाळी स्वतः वाकून रस्त्याकडं वळवायचे. मी विचारलं, हे कशासाठी? म्हणाले, मुसाफिराला तोंडानं ‘जा’ कसं म्हणायचं?

वीसच्या वीस जण खूश होऊन गेले. आम्ही ठरवलं, ही इमारत वाचवायची. पत्रक अर्थातच मी लिहिणार.

आता — इथं मी अडखळते.

तीन नंबरच्या खोलीत खिडकीखाली एक तडा होता. मी चाचांना दाखवला. त्यांनी नखानं एक खपली काढली. “ये ऊपर का सिमेंट है, बेटा. नळवाल्यानं थापलेलं. अंदर चुना है. बघ, केसाएवढी तरी फट हाय का?”

नव्हती. मी तळवा टेकवून पाहिला. भिंत गार होती, घट्ट होती. त्या खोलीत आम्ही दोघंच होतो.

आणि त्याच संध्याकाळी मी लिहिलं — भिंतीत हात जाईल एवढा तडा! ही इमारत पुढचा पावसाळा बघणार नाही!

मला वाटलं, घाबरून कुणीतरी येईल, डागडुजी होईल. आली ती मालकाची मुलं. चाचांना बाहेर काढायला इतकी वर्षं त्यांना, इमारत धोक्याची आहे असं म्हणणारा एक कागद हवा होता. तो आम्ही छापून, चौकाचौकात वाटून ठेवला होता.

महापालिकेत साहेबांपुढं सुनावणी झाली. साहेबांनी माझी ओळ मोठ्यानं वाचली. चाचा उभे राहिले, म्हणाले, भिंत चांगली आहे. मग साहेबांनी आमच्याकडं वळून विचारलं, हा तडा प्रत्यक्ष कुणी पाहिलाय? आमचे चौघं माझ्याकडं बघायला लागले. एकच वाक्य लागत होतं — मी वाढवून लिहिलं. पण ही ओळ खोटी निघाली तर आमची आधीची सगळी पत्रकं खोटी, असं लोक म्हणतील. ज्या बिल्डरांवर मी दात-ओठ खाऊन लिहिलं, ते हसतील. एवढंच आलं मनात. चाचा कुठं जातील, हे आलं नाही.

“हो,” मी म्हणाले. “मी पाहिलाय. हात जातो.”

चाचांनी माझ्या चेहऱ्याकडं पाहिलंच नाही. माझ्या हाताकडं पाहिलं.

साहेबांनी लिहून घेतलं. इमारत वाचवायला निघालेली पोरगीच सांगतेय, मग तपासायचं कशाला?

जागा रिकामी करायच्या आदल्या दिवशी मी गेले. का गेले? सांगायला गेले होते, असं म्हणवत नाही. चाचांनी चहा दिला. साखर पुरेशी आहे का, विचारलं. पप्पांची तब्येत विचारली. सुनावणीचा शब्दही काढला नाही. मधे एकदा उठून बाहेर गेले, परत येऊन बसले. मी निघाले तेव्हा जिन्यापाशी माझ्या चपला होत्या. टोकं रस्त्याकडं.

पाडायला मशीन आलं त्या सकाळी मी मशीनसमोर घोषणा दिल्या. आवाज बसेपर्यंत. पेपरात फोटो आला. जिना पडला, खांब पडले, रंगीत काचांचा चुरा झाला. तीन नंबरची भिंत मात्र पडेना. दोन दिवस ती एकटी उभी होती — मधे खिडकी, खिडकीतून पलीकडचं आभाळ. सिमेंट झडून गेलेलं. खाली पांढरा चुना, सलग. आमच्यातला एक जण म्हणाला, “च्यायला, तडा कुठंय?” मी म्हणाले, मागच्या बाजूनं असेल.

चाचा आता फुलंब्रीला लेकीकडं असतात, असं कळलं. फुलंब्री काय लांब आहे? पाऊण तासाची बस. मी गेलेले नाही.

कुणाच्याही दारात चपला काढताना मी आता वाकते, आणि त्या आधीच रस्त्याकडं वळवून ठेवते.